लंडन ते टोंगेरेन: जुन्या पितळी शमादानांच्या मागावर

शमादानाचं, म्हणजे मेणबत्तीच्या स्टँडचं, वय आकारावरून ठरवू नका. ते उलटं करा आणि ते कसं जोडलंय ते बघा. या सगळ्या प्रवासाचं सार विचाराल तर एवढंच, आणि ते नीट कळायला लंडनचे दोन बाजार, एक म्युझियम आणि बेल्जियममधली चार गावं पालथी घालावी लागली. आकाराची नक्कल प्रत्येक पिढीनं केली. १७५० सालचा पाकळ्यांच्या बैठकीचा नमुना १९०० सालीही ओतला गेला आणि आजही ओतला जातोय. सांधा मात्र त्या त्या काळच्या कारागिराच्या सोयीप्रमाणेच बसतो.

ज्यांना असाच दौरा करायचाय, त्यांनी तिकिटं काढताना कॅलेंडर समोर घ्यावं. लंडनजवळ केम्प्टन पार्कच्या रेसकोर्सवर भरणारा जुन्या वस्तूंचा बाजार महिन्याच्या दुसऱ्या आणि शेवटच्या मंगळवारी असतो. बर्मोंडसी स्क्वेअरचा शुक्रवारी. बेल्जियममधल्या टोंगेरेनचा दर रविवारी. म्हणजे शुक्रवारी लंडनमध्ये असा, मंगळवारी केम्प्टन करा, बुधवारी युरोस्टारनं ब्रसेल्स गाठा आणि रविवार टोंगेरेनसाठी राखून ठेवा. कुठल्याही दिशेनं केलंत तरी गाठोडं घेऊन समुद्र ओलांडावा लागतो, आणि पितळ जड असतं.

शुक्रवारचा आणखी एक फायदा: व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम इतर दिवशी पावणेसहाला बंद होतं, शुक्रवारी रात्री दहापर्यंत उघडं असतं, आणि प्रवेश फुकट. मध्ययुगीन दालनात ग्लॉस्टरचं शमादान आहे, बाराव्या शतकाच्या सुरुवातीचं. वेलींच्या गुंत्यात माणसं आणि विचित्र प्राणी एकमेकांवर चढत वर निघालेत. ते पाहाच, पण ते पितळेचं नाही, सोन्याचा मुलामा दिलेल्या मिश्रधातूचं आहे आणि बाजारात त्याचा काडीचा उपयोग नाही. उपयोगी पडतात ती ब्रिटिश दालनांतली घरगुती शमादानं. तिथे फक्त क्रम डोक्यात बसवायचा: १६५०-८०च्या सुमाराची, कर्ण्यासारख्या पसरट बैठकीची आणि दांड्याच्या मधोमध मेण झेलणारी थाळी असलेली, मग १६८५ नंतर फ्रान्समधून परागंदा झालेल्या ह्यूगनॉट (प्रोटेस्टंट) कारागिरांच्या प्रभावातली, अष्टकोनी बैठकीची, आणि अठराव्या शतकाच्या मध्याची, पाकळ्यांची. काचेमागचं शमादान उलटं करता येत नाही, ही म्युझियमची मर्यादा.

बर्मोंडसीला भल्या पहाटे जायचं. सहाच्या आधी पोहोचलात तर विक्रेतेच एकमेकांकडून माल घेताना दिसतील, हातात टॉर्च. इथल्या खरेदीमागे एक जुना कायदा होता: ठरावीक खुल्या बाजारांत दिवसाउजेडी प्रामाणिकपणे घेतलेला माल चोरीचा निघाला तरी घेणाऱ्याचाच राहायचा. तो १९९५च्या सुरुवातीला रद्द झाला. आता बाजार आटलाय, शमादानं थोडीच दिसतात, बरीचशी चांदीचा मुलामा दिलेली. तासाभराचं काम. पण टॉर्चची सवय इथेच लावून घ्या, पुढे लागते.

खरी शाळा केम्प्टनची. माझा आतेभाऊ हाउन्स्लोला राहतो, तिथून गाडीनं जवळ. नाहीतर वॉटर्लूहून केम्प्टन पार्क स्टेशनला गाडी आहे. दारं साडेसहाला उघडतात, प्रवेश फुकट. शेकडो विक्रेते, बरेचसे उघड्यावर, व्हॅनच्या मागच्या दारातून माल उतरवत असतात. पाऊस असला तरी बाजार भरतो. बूट त्या तयारीचे घाला.

एका आजोबांच्या टेबलावर पाकळ्यांच्या बैठकीची दोन शमादानं शेजारी शेजारी ठेवलेली होती, दिसायला जुळी. मी किंमत विचारायच्या आत ते म्हणाले, "आधी श्वास सोडा." एक उचलून त्यांनी दांड्यावर आरशावर टाकतात तशी वाफ टाकली. ओलसर धुक्यात वरपासून खालपर्यंत केसासारखी एक रेघ उमटली आणि विरली. फिरवून दाखवलं, नेमकी विरुद्ध बाजूला दुसरी रेघ. दुसऱ्या शमादानावर वाफ टाकली, काही नाही. पहिलं जड वाटेल असा अंदाज होता, प्रत्यक्षात तेच हलकं निघालं.

कारण सोपं आहे. साधारण १६८०च्या आसपासपासून इंग्लंडमध्ये दांडा दोन अर्ध्या पन्हळ्यांत ओतायचे आणि मग झाळून जोडायचे. आतून पोकळ, म्हणून धातू कमी लागायचा. पितळ महाग होतं, ते वाचवायचं होतं. अठराव्या शतकाच्या शेवटी दांडा मधे गाभा ठेवून एकसंध पोकळ ओतायला लागले आणि उभी शिवण गेली. त्यामुळे दांड्यावर समोरासमोर दोन शिवणी दिसल्या, तर वस्तू ढोबळमानानं १६८० ते १७९० या काळातली आणि बहुधा इंग्लिश. शिवण नसेल तर तेवढ्यानं नवीन ठरत नाही. त्याआधीची भरीव ओतीव शमादानंही आहेत, आणि फ्रान्समधली अठराव्या शतकातली बरीच बिनशिवणीची असतात. वाफेनं दिसलं नाही तर मेणबत्तीच्या खोबणीत टॉर्च मारा, आतल्या बाजूला झाळेचा थर लपत नाही.

मग बैठक. जुन्या इंग्लिश शमादानात दांड्याचं खालचं टोक बैठकीच्या भोकातून आरपार काढून खालून ठोकून पसरवलेलं असतं, रिवेटसारखं. एकोणिसाव्या शतकात आटे आले. आपल्याकडच्या माणसाला हे पटकन कळतं, कारण समई घासायला काढताना आपण आटेच फिरवत असतो. पण इथे एक मेख आहे: फ्रेंच कारागीर अठराव्या शतकातही आटेच वापरत. म्हणून आटे दिसले की ते किती नीटस आहेत ते बघायचं. हातानं पाडलेले आटे उथळ, रुंद आणि थोडे वेडेवाकडे असतात, आणि जोडीतल्या एकाचा दांडा दुसऱ्याच्या बैठकीत सहसा बसत नाही. यंत्रानं पाडलेले बारीक, सारखे, आणि कुठलाही कुठेही बसतो. विक्रेत्याला विचारून दांडे अदलाबदल करून बघा. बहुतेक जण हरकत घेत नाहीत. जो घेतो त्याच्याकडून घेऊ नका.

बैठकीची आतली बाजूही बघा. जुन्यात ती खरवडून किंवा लेथवर साफ केलेली असते, कडेला पिढ्यान् पिढ्या टेबलावर सरकून आलेली गुळगुळीत झीज. स्वस्त नकलेत वाळूच्या साच्याचा खरखरीत रवा तसाच राहतो, आणि त्यावर काळपट रंग फासलेला. बोटाला काळं लागलं की समजायचं. विसाव्या शतकात हजारो शमादानांचे टेबललॅम्प केले गेले, म्हणून बैठकीच्या कडेला वायरसाठी पाडलेलं आणि नंतर बुजवलेलं भोक आहे का तेही तपासा.

जुन्या शमादानाचाच साचा घेऊन नक्कल ओतली असेल तर ती किंचित लहान होते. पितळ थंड होताना दीड-दोन टक्के आकसतं, म्हणजे वीस सेंटीमीटरला तीन-चार मिलिमीटर. मूळ नगाचं माप पुस्तकात मिळालं तर टेप लावा. कडाही बोथट येतात.

खुणा क्वचितच असतात. अठराव्या शतकातल्या बर्मिंगहॅमच्या जॉर्ज ग्रोव्ह, एडवर्ड डर्नल अशा मोजक्या ओतारींची नावं काही नगांवर सापडतात, आणि तेवढ्यानं किंमत चढते. व्हिक्टोरियन मालावर मात्र खुणा बोलक्या. शंकरपाळ्याच्या आकाराचा डिझाइनचा नोंदणीशिक्का १८४२ ते १८८३चा, आणि 'आर. डी. नंबर' असा आकडा १८८४ नंतरचा. नुसतं 'इंग्लंड' कोरलेलं असेल तर बहुधा १८९१ नंतरचं, कारण अमेरिकेनं आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. केम्प्टनला प्रत्येक तिसऱ्या टेबलावर दिसणारी, मधमाशांच्या पोळ्यासारखे फुगवटे आणि हिऱ्याचे पैलू असलेली, खालून दांडी ढकलून मेणबत्तीचं थोटूक वर काढता येणारी जोडी ही याच काळातली. 'किंग ऑफ डायमंड्स' वगैरे नावं खाली असतात. जुनी आहेत, देखणी आहेत, दुर्मीळ अजिबात नाहीत. चाळीस-पन्नास पौंडांच्या वर घासाघीस न करता देऊ नका.

"दादा, हे बघ, आपलंच," म्हणून आतेभावानं एक उंच शमादान पुढे केलं. बैठकीखाली 'इंडिया'चं स्टिकर अर्धवट खरवडलेलं. मुरादाबादचा निर्यातीचा माल इथे 'जॉर्जियन स्टाइल', म्हणजे जॉर्ज राजांच्या काळातल्या धाटणीचा, म्हणून हिंडत असतो. त्यातलं 'स्टाइल' हळू आवाजात उच्चारतात.

ब्रसेल्सहून दिनाँला थेट गाडी आहे, पावणेदोन तास. म्युझ नदी, मागे उभा कडा, कड्यावर किल्ला, पायथ्याशी कांद्याच्या घुमटाचं चर्च. सॅक्सोफोन बनवणारा अ‍ॅडॉल्फ सॅक्स इथलाच, म्हणून पुलावर सॅक्सोफोनच सॅक्सोफोन. आपल्या कामाची गोष्ट त्याच्या कितीतरी आधीची. मध्ययुगात पितळकामात या गावाचा असा दबदबा होता, की पितळी भांड्यांना युरोपभर 'दिनांदरी' म्हणायला लागले. १४६६ साली बर्गंडीच्या सैन्यानं गाव बेचिराख केलं आणि कारागीर नदीकाठच्या इतर गावांत पांगले. १९१४च्या ऑगस्टमध्ये जर्मन सैन्यानं पुन्हा जाळलं, ६७४ नागरिक मारले. त्यामुळे दिनाँमध्ये जुनं पितळ शोधायला जाल तर हिरमोड होईल. स्टेशनवरून नदी न ओलांडता, त्याच काठानं उत्तरेला चालत बुव्हीन्यला जा. तिथे मध्ययुगीन म्युझ खोऱ्यावरचं छोटं संग्रहालय आहे, दिनाँच्या या शेजारी-प्रतिस्पर्धी गावातलं. उघडण्याचे वार आधी पाहून घ्या. परतताना दिनाँची 'कूक' बिस्किटं घ्यायची तर घ्या, फक्त पीठ आणि मध. दाताची कवळी असलेल्यांनी लांबूनच नमस्कार करावा.

पितळ इथेच का, हे या खोऱ्यात फिरताना कळतं. युरोपला शुद्ध जस्त वेगळं काढता येत नव्हतं. भट्टीत त्याची वाफ होऊन जायची. म्हणून जस्ताचं खनिज, कोळसा आणि तांबं एकत्र मुशीत भाजत. ते खनिज आजच्या बेल्जियममधल्या केल्मिसजवळ, जर्मनीतल्या आखेनच्या बाजूला मिळायचं. त्याच खाणीपायी प्रशिया आणि नेदरलँड्स भांडले आणि १८१६ ते १९२० तिथे 'न्यूट्रल मोरेने' नावाचा टिकलीएवढा तटस्थ प्रदेश होता. उदयपूरजवळच्या जावरला जस्ताची वाफ थंड करून धातू गोळा करण्याचं काम कित्येक शतकं चालू होतं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियननं त्याचं पेटंट घेतलं ते १७३८ साली. जुन्या पद्धतीनं पितळेत जस्त तीस टक्क्यांच्या आसपासच जायचं, म्हणून जुनं पितळ बरेचदा तांबूस-सोनेरी दिसतं आणि नवं लिंबासारखं फिकट. पण फक्त रंगावर पैसे लावू नका. पॉलिश, लाख आणि बाजारातला प्रकाश तिन्ही फसवतात.

टोंगेरेनच्या वाटेत झाउटलेउ हे गाव करा. सिंट-ट्रुइडेनपर्यंत रेल्वे, पुढे बस. तिथल्या सेंट लिओनार्ड चर्चमध्ये रेनिएर फान टीनेननं १४८३ साली ओतलेलं ईस्टरच्या मेणबत्तीचं पितळी झाड आहे, साडेपाच मीटरहून उंच. सोळाव्या शतकातली मूर्तिभंजनाची लाट आणि फ्रेंच क्रांती दोन्हींतून हे चर्च बचावलं, म्हणून ते जागेवर आहे. चर्च उघडं आहे ना, हे फोन करून विचारा. मान दुखेपर्यंत बघितलं. अशा नगापुढे वाफ, टॉर्च, टेप सगळं खिशात राहतं.

टोंगेरेनला शनिवारी रात्रीच मुक्काम करा किंवा लिएजला राहा. रविवारी सकाळी गाड्या कमी असतात आणि बाजार सातला सुरू होऊन दुपारी एकला आवरतो. लेओपोल्डवाल आणि फेमार्कटच्या रस्त्यांवर, जुन्या तटबंदीच्या कडेनं टेबलं लागतात. इथे दोन गोष्टींपासून सावध. एक, चर्चमधली तीन पायांची, वर अणकुचीदार खिळा असलेली उंच शमादानं. ती गॉथिक, म्हणजे मध्ययुगातली, म्हणून सांगतात. बहुतेक एकोणिसाव्या शतकात गॉथिकची हौस परतली तेव्हाची असतात. दोन, 'हेम्सकेर्क'. मधे रुंद थाळी असलेल्या या डच प्रकाराला नाव मिळालं याकोब फान हेम्सकेर्क या डच दर्यावर्दीवरून. १५९६ साली त्याचं जहाज रशियाच्या उत्तरेकडच्या नोव्हाया झेमल्या बेटांच्या बर्फात अडकलं, माणसांनी लाकडी घरात हिवाळा काढला आणि माल तिथेच टाकून निघून गेले. १८७१ला एका नॉर्वेजियन कप्तानाला ते घर सापडलं. मालात शमादानंही होती. आता तो माल अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. हेम्सकेर्कच्या नकला शंभर-सव्वाशे वर्षं ओतल्या जातायत, म्हणून सोळाव्या-सतराव्या शतकाचा म्हणून शेकड्यांनी युरो सांगितले की आधी उलटं करा, टॉर्च मारा, झीज बघा, आणि मग बिलावर काळ लिहून मागा. लिहून द्यायला तयार झालेला विक्रेता बहुधा खरा असतो. किंमत दुपारी बाराच्या पुढे उतरते, चांगला माल मात्र नऊलाच गेलेला असतो.

घरी आणताना शमादान हातातल्या बॅगेत ठेवू नका; जड पितळी दांडा आणि वर खिळा, विमानतळावर अडवणारच. कपड्यांत गुंडाळून चेक-इनमध्ये टाका, आट्याची असतील तर सुटी करून. बिल जवळ ठेवा. आणि आल्याबरोबर चिंच-मीठ किंवा पितांबरी घेऊन बसू नका. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं, एवढंच. खोबणीतलं जुनं मेण काढायला गरम पाण्यात बुडवून ठेवा, सुरी लावू नका. सुरीचा ओरखडा पुढच्या घेणाऱ्याला पहिल्यांदा दिसतो.