तुम्ही विचारलंत म्हणून: ‘झोंबी’ मला का आवडत नाही

आवडतं पुस्तक कोणतं, हा प्रश्न मला जड जात नाही. ‘स्मृतिचित्रे’ म्हणून मी मोकळी होते, विचारणारा मान डोलावतो आणि पुस्तकावर शिक्का मारून घेऊन निघून जातो. अडतं ते पुढच्या प्रश्नाशी. नावडतं कोणतं? मी ‘झोंबी’ म्हणते आणि काउंटरपलीकडचा चेहरा बदलतो. “आनंद यादवांचं ‘झोंबी’? अहो, तुम्ही तर कागलकडच्या ना!”

वाचनालयात माझी इतकी वर्षं गेली, त्यात हे संभाषण किती वेळा झालं असेल याचा हिशोब नाही. निवृत्त मास्तरांनी विचारलं, एम.ए.च्या मुलींनी विचारलं, एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी बाईंनीही विचारलं, कारण त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की वाचनालयातल्या त्या बाईंना ‘झोंबी’ आवडत नाही. प्रत्येकाकडं कारण तयार असतं. मला गावाकडच्या बोलीची लाज वाटते. मला दारिद्र्याचं वर्णन सोसत नाही. शहरात राहून मी गाव विसरले. एकानं तर २००९ साली ‘संतसूर्य तुकाराम’ या यादवांच्या कादंबरीवरून झालेला वाद काढला, यादवांना महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद सोडावं लागलं होतं तो, माझा राग तिथला असणार म्हणे. त्या वादाचा माझ्या नावडीशी काडीचाही संबंध नाही. तेव्हा एकदाच नीट लिहून टाकते. पटलं नाही तरी चालेल, पण कारणं तरी माझी माझ्या नावावर राहू देत.

आधी एक सांगते. ‘झोंबी’ वाईट पुस्तक आहे असं मी कधीही म्हटलेलं नाही. यादवांच्या स्वतःच्या बालपणावरचं ते पुस्तक १९८७ साली आलं, १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला, पु. ल. देशपांड्यांनी त्याला प्रस्तावना लिहिली, ही माहिती मला सांगू नका, मीच ती लोकांना सांगत असते. आमच्याकडची प्रत पुन्हा पुन्हा बांधून घ्यावी लागते. आठवी-नववीतली मुलं ‘काहीतरी द्या’ म्हणून येतात तेव्हा मी ‘झोंबी’ काढून देते, आणि परत करताना त्यातली काही जी बोलायला थांबतात ती का थांबतात हेही मला कळतं. बाप पोराला शाळेत जाऊ देईना म्हणून आई गावातल्या बड्या असामीकडं, दत्ताजीराव देसायांकडं, जाते तो भाग हिंदीत ‘जूझ’ नावानं एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात आहे. म्हणजे कागलच्या उसाच्या फडाबद्दल पार दिल्ली-लखनौची मुलं परीक्षेत उत्तरं लिहितात. याचा मला अभिमान आहे. नावडतं आणि वाईट यांत फरक आहे, एवढं तरी वाचणाऱ्या माणसाला मान्य असावं.

पण या कोल्हापूर जिल्ह्यात ते मान्य होत नाही. आपल्याकडं प्रत्येक पुस्तकाला गाव आहे. ‘मृत्युंजय’ म्हटलं की आजरा, ‘स्वामी’ म्हटलं की कोवाड, ‘झोंबी’ म्हणजे कागल. आणि खांडेकर जन्मानं सांगलीचे असले तरी मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ मिळवणारं ‘ययाति’ आपलंच. १८५० पासून वाचन मंदिर असलेलं हे शहर. इथं पुस्तक नावडलं म्हणायचं तर कुणाच्या तरी गावाला बोल लावल्यासारखं होतं. म्हणून लोक आवडतं म्हणून एक नाव सांगतात आणि घरी नेतात दुसरंच. ‘मृत्युंजय’चं नाव घेणारे कितीतरी जण दर शनिवारी रहस्यकथा नेतात. त्यात गैर काही नाही. मला फक्त नावडत्याचं नाव कुणी खरं सांगत नाही याचं वाईट वाटतं.

आता कारण.

आमचं गुऱ्हाळ होतं. माझा थोरला भाऊ आठवीत असताना ऐन हंगामात आण्णांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, पाय उकळत्या पाकानं भाजला. गूळ करणारा गुळव्या होता, पण काहिलीखालच्या चुलवाणात उसाची चिपाडं सारायला आणि वर सगळ्यावर नजर ठेवायला घरचा माणूस हवा होता. भावाला शाळेतून काढलं ते त्या हंगामापुरतं. आण्णांचा पाय बरा झाला, हंगाम संपला, पुढचा आला, आणि भाऊ शाळेत परत गेला नाही. यावर आमच्या घरात कधी भांडण झालं नाही. विषयच निघायचा नाही. मी शिकत राहिले. दहावीनंतर मला कोल्हापूरला ठेवायचं की नाही यावर घरात खल झाला तेव्हा भाऊच आण्णांना म्हणाला, “हिच्या फीचं मी बघतो.” मार्केट यार्डात गुळाचे रवे उतरवून आला की तो माझ्या खोलीवर यायचा, पैसे द्यायचा आणि कॉलेजात काय शिकवतात ते विचारायचा.

‘झोंबी’ला पुरस्कार मिळाला आणि आमच्या बाजूच्या गावागावांत ते पुस्तक पोचलं. भावाला त्याच्या जुन्या मास्तरांनी दिलं. तो सावकाश वाचायचा, आणि मोठ्यानं. नाताळच्या सुट्टीत मी गावी गेले होते. रात्री आधण चालू होतं. रस काहिलीत चढला की पाक व्हायला वेळ लागतो. भेंडीचं पाणी टाकून मळी वर येऊ द्यायची, ती काढत राहायची, जाळ कमी-जास्त करायचा. त्या वेळात भाऊ वायरला लटकावलेल्या बल्बखाली बसून गड्यांना ‘झोंबी’ वाचून दाखवत होता. मधेच उठून चिपाडं सारायचा, हात तसेच चिकट, पुन्हा पान धरायचा. गडी खूश होते. “आरं, ह्यो तर आपल्यागतच बोलतोय की!” असं कुणीतरी दर पानाला म्हणत होतं. छापील पुस्तकात आपली बोली ऐकायचा तो आनंद मी डोळ्यांनी पाहिलाय. बोलीची लाज वाटते असं मला म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आण्णा चुलवाणाच्या बाजूला पाय लांब करून बसले होते. आई भाकऱ्या घेऊन आलेली, ती दाराशी टेकली होती.

मग तो भाग आला. बापानं शाळेतून काढलेलं पोर आईला म्हणतं, देसायांकडं जाऊ. मायलेकरं दोघं जातात. आम्ही आलो होतो हे सांगू नका म्हणून विनवतात. देसाई बापाला बोलावून घेतात, झाडतात, आणि पोराची शाळा पुन्हा सुरू होते. बापाच्या अटींवर, सकाळी शेतात राबून मग शाळा, शाळेतून आलं की गुरं, पण सुरू होते. भाऊ वाचत गेला तसे गडी बोलायचे थांबले. आमच्या घरचं सगळ्यांना ठाऊक होतं. भावालाही वाचता वाचता कळलं असणार, कारण त्याचा आवाज सपाट झाला, पण तो थांबला नाही. देसाई बापाला झाडतात ते त्यानं शेवटपर्यंत वाचलं. आण्णांकडं न बघता.

वाचून झाल्यावर आण्णा म्हणाले, “त्या पोराची आई तरी गेली देसायाकडं. तुझी का न्हाई गेली, इचार की तिला.”

रागानं नाही म्हणाले. रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. कुणी काही बोलायच्या आत गुळव्या ओरडला, पाक आला. पाक आला की थांबता येत नाही. सगळे उठले, काहील उतरवून पाक वाफ्यात ओतला, आणि तो विषय तिथंच राहिला. आई भाकऱ्या ठेवून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मी भांडी घासत होते, ती राख द्यायला आली आणि म्हणाली, “मला कुठं म्हाईत हुतं गं, आसं कुणाकडं जाता येतंय म्हणून.”

हे ती नंतरही म्हणत राहिली. नातवाच्या शाळेच्या प्रवेशाच्या वेळी म्हणाली. दवाखान्यात असताना म्हणाली. आमच्या गावात देसाई नव्हते. कुणाकडं गेली असती? सरपंचाकडं? ज्याच्या उसाचं गाळप आमच्याकडं होतं त्याच्याकडं? घरातल्या पुरुषाच्या विरुद्ध दुसऱ्या पुरुषाच्या दारात उभं राहायचं हे तिला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी दार नव्हतं. त्या रात्रीपर्यंत तिला वाटत होतं की पोराचं नशीबच तसं. त्या रात्रीनंतर तिला वाटायला लागलं की आपण गेलो नाही. आण्णांवर पुस्तकाचं बोट होतं, ते आण्णांनी तिच्याकडं वळवलं, आणि तिनं ते घेतलं.

म्हणून ‘झोंबी’ मला नावडतं. आता सांगा, यात बोली कुठं आली आणि दारिद्र्याचं वर्णन कुठं आलं?

मी पूर्वी वेगळं कारण सांगायचे. तरुण असताना एका चर्चेत उभी राहून म्हणाले होते की या पुस्तकात बापाला न्याय मिळालेला नाही. समोरच्यांनी मला चांगलं धारेवर धरलं. खंडानं घेतलेलं रान, पाठोपाठची पोरं, घाणा सगळ्यांच्या आधी सुरू केला तर गुळाला भाव मिळेल म्हणून चाललेली त्या बापाची धडपड, हे सगळं पुस्तकात आहेच, असं ते म्हणाले. आहेच. तेव्हाही मला ते दिसत होतं. तरी मी बापाची बाजू लावून धरली, कारण आईचं नाव चारचौघांत घ्यायची माझी तयारी नव्हती. आज त्या तरुण बाईला मी खोडून काढत नाही. आण्णांचा भाजलेला पाय मीही पाहिलाय, आणि ज्या बापाकडं दुसरा इलाज नव्हता त्याचं काय, हा तिचा प्रश्न मला अजून बरोबर वाटतो. पण तिच्या सांगण्यात आई कुठंच नव्हती, आणि माझी खरी तक्रार आईची आहे.

यादवांनी काय करायला हवं होतं मग? हाही प्रश्न मला विचारून झालाय. त्यांची आई गेली होती, त्यांनी ते लिहिलं. न लिहून कसं चालेल? सौंदलगेकर मास्तर वर्गात कविता गाऊन शिकवतात आणि गुरं राखणारं ते पोर एकटं असताना त्या कविता म्हणतं, ही पानं मी आजही कुणाच्याही हातात देईन. लेखकाचा दोष मी काढत नाहीये. पुस्तक ज्यांना वाट दाखवतं त्यांची संख्या मोठी असते, हे मला ठाऊक आहे. पण वाट असते हे उशिरा कळलेलं माणूसही ते पुस्तक ऐकत असतं. त्याच्या बाजूनं कुणीतरी नावडतं म्हणावं की नाही?

आणि त्यात माझंही आहे, ते लपवत नाही. ‘झोंबी’ ही सुटलेल्या पोराची गोष्ट आहे. आमच्या घरात सुटले ती मी, आणि मला सोडवलं ते ज्याला कुणी सोडवलं नाही त्यानं. ते पुस्तक वाचताना मला कुणाच्या जागी बसायचं तेच कळत नाही. सगळे वाचक त्या पोराच्या जागी बसतात. मी बसू शकत नाही.

‘स्मृतिचित्रे’ का आवडतं, हेही याच्याशीच लागून आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या संसारात गुन्हेगार शोधायचा म्हटलं तर पानोपानी सापडेल. वडिलांचं सोवळ्याचं वेड आहे. १८९५ साली नवरा ख्रिस्ती झाला आणि बाईचा संसार उभा फाटला. लिहायला बसल्यावर तिनं एकेकाला उभं करून जाब विचारला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. तिनं लपवलं काहीच नाही, आपलं रडणं नाही, राग नाही, टिळकांचा विसराळूपणा नाही. तरी पुस्तक मिटताना त्यातल्या कुणाचाही मला राग येत नाही. ते मी आईला वाचून दाखवलं होतं, स्वयंपाकघरात बसून. ती हसली होती.

आता तुम्ही विचाराल की भावाचं काय. त्याचं आवडतं पुस्तक ‘झोंबी’ आहे. ते त्यानं पुढं एकट्यानं संपवलं, नंतर यादवांचंच ‘नांगरणी’ वाचलं, ‘घरभिंती’ वाचलं. त्याची ती जुनी प्रत अजून घरी आहे, देसायांच्या भागाची दोन पानं काकवीनं एकमेकांना चिकटलेली. “माझ्या जन्माचं कुणीतरी लिहून ठेवलंय, तुला का खुपतंय?” असं तो म्हणतो. मागच्या दिवाळीत यावरून आमची पुन्हा जुंपली. मी म्हटलं, आईला त्या पुस्तकानं शेवटपर्यंत खाल्लं. तो म्हणाला, “पुस्तकानं न्हाई, आण्णांनी.” मी म्हटलं, आण्णांना बोलायला तोंड पुस्तकानंच दिलं. मग तो जरा वेळानं म्हणाला, “आणि मी वाचलं नसतं, तर मला कोण बोलाय दिलं असतं? त्या रातीला आण्णांस्नी जे सांगायचं हुतं ते मी सांगितलं. आईला लागंल ते मला तवा कळलं न्हाई. पर सांगितलं.”

एवढी वर्षं मला वाटत होतं की त्या भागापाशी तो चुकून पोचला. यावर काय म्हणायचं ते मला अजून सुचलेलं नाही. पुढच्या वेळी कुणी विचारलं तर मी ‘झोंबी’च सांगेन, आणि तुम्ही पुन्हा “अहो, पण” म्हणालात तर त्यालाच विचारा. हंगाम सोडून कधीही या, तो बोलतो.