१९६५ ची व्हेस्पा: हँडल लॉक उघडलं आणि तुटका खटका सापडला

मागच्या वेळी लिहिलं होतं की हँडल उजवीकडून मध्यावर आणताना एका ठिकाणी किंचित अडतं. पूर्ण अटकत नाही, नुसतं बोटांना कळतं. मी ते स्टिअरिंगच्या बेअरिंगवर ढकललं आणि हँडल लॉकचं काम स्वतंत्र म्हणून हाती घेतलं. दोन्ही दुखणी एकच निघाली, म्हणून यावेळी जरा सविस्तर लिहिते.

लॉकची अवस्था अशी होती. किल्ली पूर्ण आत जायची, थोडी फिरायची आणि थांबायची. हँडल कुठल्याही बाजूला नेलं तरी लॉक लागत नव्हतं. जुन्या व्हेस्पात हे कुलूप बसतं ते घर वेगळं सोडवून बाजूला काढता येत नाही. १९४६ च्या पहिल्या गाडीपासून व्हेस्पाची चौकट म्हणजे दाबलेल्या पत्र्याचं एकसंध अंग, आणि लॉकचं घर त्याच अंगाच्या स्टिअरिंगच्या नळीला जोडलेलं. त्यात जोर लावून काही फाटलं तर चौकटच दुखावते. म्हणून घाई करायची नाही हे आधीच ठरवलं होतं. लांब स्क्रू ड्रायव्हर घालून हातोडीने कुलूप फोडण्याचा सल्ला सर्रास मिळतो. कृपा करून तसं करू नका.

तीन दिवस रोज संध्याकाळी किल्लीच्या भोकात गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन थेंब सोडायचे, किल्ली हलकेच मागेपुढे करायची, काढून पुसायची. पहिल्या दिवशी किल्लीवर तपकिरी चिखल यायचा, तिसऱ्या दिवशी नुसतं काळपट तेल. चौथ्या दिवशी किल्ली फिरली.

वरची झाकणपट्टी दोन बारीक रिव्हेटवर होती. रिव्हेटच्या डोक्यावर सेंटर पंचने खूण करून आधी २ मिलिमीटरचं ड्रिल चालवलं, मग फक्त डोकं उडेल इतकं ३ चं. कुलपाच्या नळकांड्याला बाजूला स्प्रिंगवरचं एक छोटं नाक असतं, तेच त्याला घरात अडकवून ठेवतं. किल्ली योग्य जागी फिरवून ते नाक पातळ पोलादी पट्टीने दाबलं आणि नळकांडं बाहेर आलं. तुम्ही नवीन सेट घेणार असाल तर हे नाक आधी व्हर्नियरने मोजा. ४ मिलिमीटरचं असतं आणि ६ मिलिमीटरचंही. दिसायला दोन्ही कुलपं सारखी, पण एकाच्या घरात दुसरं नीट बसत नाही. माझं ४ चं निघालं.

नळकांड्यामागून खटका, म्हणजे लॉक लावल्यावर हँडल अडवून धरणारी जीभ, काढला तेव्हा पोटात गोळा आला. टोक नव्हतं! तुटलेली कड राखाडी आणि दाणेदार, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव भाग. लॉक लागलेलं असताना कोणीतरी कधीतरी हँडल जोरात पिळलं असणार. ओतीव जस्त वाकत नाही, मोडतं. पण ते टोक गेलं कुठे?

लोहचुंबक घालून पाहिलं, काही आलं नाही. येणारही नव्हतं, कारण जस्ताला चुंबक लागत नाही. तारेच्या टोकाला घट्ट ग्रीस लावून आत फिरवली, तरी हाती काही नाही. टॉर्चच्या उजेडात फोर्कच्या, म्हणजे हँडलला पुढच्या चाकाशी जोडणाऱ्या दांड्याच्या, नळीवरची खटका शिरतो ती खाच दिसत होती आणि खाचेच्या खाली एक चकचकीत ओरखडा. गंजलेल्या नळीवर चकचकीत ओरखडा म्हणजे तिथे काहीतरी अजूनही घासतंय. तेव्हा हँडलचं ते अडणं आठवलं आणि त्याच क्षणी फोर्क उतरवायचं नक्की केलं.

ते काम मोठं आहे. पुढच्या ब्रेकची आणि स्पीडोमीटरची केबल फोर्कच्या नळीतूनच खाली जाते, त्यामुळे दोन्ही खालून सोडवाव्या लागतात. हेडसेटचा, म्हणजे हँडलच्या वरच्या अख्ख्या भागाचा, मुख्य बोल्ट सैल करून हेडसेट वर उचलला आणि गियर-क्लचच्या केबल न सोडता बाजूला कापडावर टेकवला. मग वरची चक्री, बेअरिंगचा वरचा कप, आणि मडगार्डसकट फोर्क खाली. गाडी पुढून भरपूर उंच धरावी लागते, इथे दुसरं माणूस हवंच. छर्रे सुटे असतात. खाली कापड अंथरा, वरचे आणि खालचे वेगवेगळ्या वाटीत मोजून ठेवा.

तुकडा खालच्या बेअरिंगच्या कपात, वाळलेल्या ग्रीसमध्ये रुतलेला होता. ज्वारीच्या दाण्याएवढा, एका बाजूने घासून गुळगुळीत झालेला. शेजारीच कपावर नखाला लागेल असा खड्डा. अडणं यामुळेच. हा तुकडा चालत्या गाडीत छर्र्यांमध्ये आडवा आला असता तर हँडल वळलंच नसतं, हे त्या वाटीकडे बघत बराच वेळ डोक्यात घोळत राहिलं. ज्यांच्या जुन्या गाडीचं लॉक ‘नुसतं लागत नाही’ त्यांनी खटक्याचं टोक जागेवर आहे का, एवढं तरी बघून घ्या. कप आणि छर्रे नवे घातले.

कुलूप मात्र जुनंच ठेवलं, नव्या सेटमधला फक्त खटका वापरला. नळकांड्यातल्या पितळी पत्त्या (किल्लीच्या दात्यांनी जागेवर सरकतात त्या) चिमट्याने एकेक काढून कागदावर क्रमाने मांडल्या, आकडे घालून, प्रत्येकीची स्प्रिंग तिच्याच शेजारी. रॉकेलमध्ये धुतल्यावर कळलं की पत्त्या ठीक आहेत, झिजली आहे ती किल्ली. किल्ली घातल्यावर दोन पत्त्या नळकांड्याबाहेर केसभर डोकावत होत्या. बरेच जण अशा वेळी पत्त्याच कानशीने घासून सपाट करतात. काम होतं, पण कुलूप सैल पडतं, मग कुठलीही जवळपासची किल्ली त्यात चालते. झिजलेल्या किल्लीची नक्कल करूनही उपयोग नाही, झीजही नकलेत उतरते. मी कोरी किल्ली घेऊन एकेका पत्तीला जुळवत बारीक कानशीने दाते पाडले. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटची पत्ती कडेला सपाट बसली आणि नळकांडं बोटाने फिरलं, तो हलका ‘टिक्’ ऐकायला घरातल्या सगळ्यांना बोलावलं.

जोडताना आत तेल घातलं नाही, फक्त ग्राफाईटची पूड. तेलाला धूळ चिकटते आणि काही वर्षांनी पुन्हा तोच चिखल.

मग खरी परीक्षा. लॉक उघडं असताना खटका फोर्कच्या नळीला जराही टेकता कामा नये. खटक्याच्या टोकाला निळ्या मार्करची शाई लावली, कुलूप बसवलं, लॉक उघडं ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत ५० वेळा वळवलं आणि कुलूप पुन्हा बाहेर काढलं. शाई एका कडेला पुसलेली होती. खाचेच्या काठावर जुन्या मोडतोडीत उठलेली धार तिथे लागत होती. त्यासाठी फोर्क परत उतरवला, धार घासून गोल केली, सगळी कीस पुसून काढली, पुन्हा जोडणी, पुन्हा ५० वेळा. यावेळी शाई जशीच्या तशी.

हँडल आता आपल्या वजनाने दोन्हीकडे सारखं पडतं. लॉक पहिल्या प्रयत्नात लागतं आणि सुटतं. झाकणपट्टीचे रिव्हेट अजून ठोकलेले नाहीत, पट्टी तात्पुरती चिकटपट्टीने धरली आहे. आठवडाभर गाडी चालवून कुलूप आणखी एकदा बाहेर काढणार, शाई बघणार आणि मगच रिव्हेट.