ऊस डावा की उजवा

दिवाळीला गावी गेलं की आमच्या सोप्यात (पुढच्या ओसरीत) समाजवाद चांगला का भांडवलशाही अशी एक मॅच ठरलेली असते. एका बाजूला नानाकाका, दुसऱ्या बाजूला आत्तेभाऊ, आणि मधे चकल्यांचं ताट. नानाकाका तरुणपणी परळच्या एका गिरणीत साच्यावर (मागावर) होते, लाल बावट्याचे पक्के. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा महिन्याभरात मिटतंय म्हणून एक ट्रंक घेऊन गावी आले ते आजतागायत इथंच आहेत, ट्रंक अजून माळ्यावर आहे. आत्तेभाऊ हिंजवडीत, सॉफ्टवेअर, मोबाईलवर कायम शेअर मार्केट उघडं, आणि त्याचं सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर की सरकारनं मधून बाजूला व्हावं बास.

यावेळी पण तेच. काका म्हणाले, आरं मार्केटवर सोडलं म्हणून तर गिरणीच्या जागंवर मॉल झालं. तर हा म्हणतो, पण काका 1983 ला मुंबईतल्या 13 गिरण्या सरकारनं ताब्यात घेतल्याच होत्या ना, त्या तरी कुठं चालल्या? काकांनी चकली तोंडात घातली आणि दोन मिनिटं नुसता कुडुम कुडुम आवाज. मग रशिया झाला, स्वीडन झालं, व्हेनेझुएला झाला, सिंगापूर झालं. आबा (म्हणजे आमचे वडील) मधेच म्हणाले, ते सगळं असूंदे, पण यंदा ऊसतोडीची टोळी कधी येणार ते कुणी सांगतंय का?

तेव्हा मला पहिल्यांदा क्लिक झालं की हे दोघं जगभर फिरून येतात आणि सोप्यातून समोर साखर कारखान्याचं धुराडं दिसतंय त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. आमचा कारखाना सहकारी आहे. (नाव लिहीत नाही, ऊस घालायचाय अजून.) आणि भांडवलशाही चांगली का समाजवाद चांगला हे तपासून बघायचं तर पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यापेक्षा चांगली प्रयोगशाळा मला तरी माहीत नाही, कारण इथं दोन्ही होऊन गेलंय आणि दोन्ही अजून चालू आहे, एकाच रस्त्यावर.

सुरुवात खाजगीपासूनच झाली. नगर जिल्ह्यात हरेगावची बेलापूर कंपनी, वालचंदांचं रावळगाव, वालचंदनगर, हे सगळे सहकाराच्या आधीचे. या कंपन्यांना सलग ऊस पाहिजे होता म्हणून त्यांनी आजूबाजूच्या शेतकऱ्यांच्या जमिनी खंडानं (भाडेपट्ट्यानं) घेतल्या, आणि कॅनॉलचं पाणी आलेल्या जमिनीत कंपनीचा ऊस उभा राहिला. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यातले कितीतरी त्याच रानात रोजंदारीला जायला लागले. अशा खंडानं जमीन दिलेल्या शेतकऱ्यांना खंडकरी म्हणतात. इथपर्यंत नानाकाका खूश, बघ म्हणलं होतं का न्हाय.

पण पुढचं ऐका. 1961 ला सीलिंगचा (एकाकडं किती जमीन असावी याच्या मर्यादेचा) कायदा आला आणि कंपन्यांच्या त्या हजारो एकर जमिनी सरकारनं काढून घेतल्या. आता कुणालाही वाटेल की झालं, ज्याची त्याला परत मिळाली. नाही मिळाली! 1963 ला शेती महामंडळ काढलं आणि जमीन गेली महामंडळाकडं. म्हणजे आधी मालक म्हणून साहेब होता, आता पण साहेबच, फक्त जीपवर महाराष्ट्र शासन लिहिलेलं. खंडकरी पुढं कित्येक वर्षं मोर्चे काढत राहिले, कोर्टात जात राहिले, लाल बावटावाल्यांनी पण त्यांच्यासाठी लढे दिले, आणि जमीन परत द्यायला प्रत्यक्षात सुरुवात व्हायला एकविसावं शतक उजाडलं. ज्या आजोबांनी खंडाच्या कागदावर अंगठा दिला त्यांच्या नातवाच्या हातात सातबारा. हे मी सोप्यात सांगितलं तर दोघंही एकदम म्हणाले, ते उदाहरण वेगळं आहे. त्यांचं एकमत व्हायची ही पहिलीच वेळ असेल.

मधला रस्ता काढला तो नगर जिल्ह्यातच, प्रवरेला. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील, शाळा जेमतेम शिकलेले, आणि पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे धनंजयराव गाडगीळ, म्हणजे पार अर्थशास्त्रातलं मोठं नाव. या जोडीनं शेतकऱ्यांकडून गावोगाव फिरून शेअरचे पैसे गोळा केले आणि 1950-51 च्या हंगामात सहकारी कारखाना सुरू केला. गाडगीळ पहिले चेअरमन. गंमत बघा, हाच माणूस पुढं 1967 ला दिल्लीला नियोजन मंडळाचा उपाध्यक्ष झाला. तर हा नक्की काय होता? आत्तेभाऊ म्हणतो शेतकऱ्यांनी भांडवल घातलं, रिस्क घेतली, नफा वाटून घेतला, ही तर स्टार्टअपच. काका म्हणतात उत्पादनाचं साधन राबणाऱ्याच्या मालकीचं, हाच समाजवाद. दोघांचंही बरोबर आहे आणि दोघंही एक एक गोष्ट खाऊन टाकतात. आत्तेभाऊ हे खातो की सरकारनं स्वतः भागभांडवल घातल्याशिवाय आणि कर्जाला हमी दिल्याशिवाय यातले बहुतेक कारखाने उभेच राहिले नसते. आणि काका जे खातात त्यावर नंतर येतो, ते जास्त टोचणारं आहे.

आता सहकारी कारखान्यात आबांना काय मिळालं? एक मत. आमचा ऊस दोन एकर, शेजारच्या पाटलांचा चाळीस, पण कारखान्याच्या इलेक्शनला दोघांचं मत एकच. आबांना याचा भारी अभिमान आहे, मतदानाला इस्त्रीची टोपी घालून जातात. सभासद म्हणून दिवाळीला स्वस्तातली साखर मिळते. कारखान्याच्या जिवावर आमच्या भागात शाळा झाल्या, पोरं इंजिनिअर झाली, त्यात मीही आलो, हे नाकारलं तर खाल्ल्या घरचे वासे मोजल्यासारखं होईल. कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणेला तर दूध, बझार, बालवाद्यवृंद, काय काय उभं केलं त्या लोकांनी.

आणि त्याच कारखान्याची वार्षिक सभा मी एकदा आबांबरोबर जाऊन बघितलीय. मांडव, समोरच्या चार रांगांत चेअरमनची माणसं, विषय क्रमांक एक वाचायला सुरुवात झाली की मंजूर मंजूर मंजूर, विषय दोन मंजूर, ताळेबंद मंजूर, बारा विषय वीस मिनिटात. एक म्हातारा उठून काट्याबद्दल काहीतरी विचारत होता (वजनकाट्याबद्दल, बाहेर वजन केलं तर जास्त भरतं अशी त्याची तक्रार), त्याच्या हातातला माईक कधी गेला ते त्यालाही कळलं नाही. तो विरोधी पॅनेलचा होता. त्या वर्षी त्याच्या उसाला तोड मार्चअखेर मिळाली. ऊस तेव्हा वाळून चिपाड. याचा त्याचा संबंध नाही असं सगळे म्हणतात, मी पण म्हणतो.

मग म्हातारा दुसऱ्या कारखान्याला का गेला नाही? पूर्वी जाताच येत नव्हतं, झोनबंदी होती, तुमचा ऊस तुमच्याच कारखान्याला. शेतकरी संघटनेचे शरद जोशी याच्यावरच तुटून पडायचे. डाव्यांना ते भांडवलदारांचे वाटायचे कारण त्यांनी जागतिक व्यापार खुला करणाऱ्या डंकेल प्रस्तावाचं उघड समर्थन केलं होतं, पण त्यांचं म्हणणं साधं होतं की शेतकऱ्याला बाजारच मिळालेला नाही तर बाजारानं लुटलं असं कसं म्हणता, लुटलं ते सरकारनं. कॉलेजात असताना मला हे पटायचं नाही. ऊस घालायला लागल्यापासून निम्मं पटतं.

निम्मंच, कारण पुढं झोनबंदी उठली, कारखाना काढायला लागणारं लायसन्स पण 1998 ला गेलं, आणि आमच्याकडं खाजगी कारखाना आला. यंत्रं नवीन, काटा डिजिटल, पैसे बँकेत. पहिल्या हंगामात आबांचे पैसे दहा दिवसात जमा झाले तेव्हा आत्तेभावानं फोन करून मला ऐकवलं. तर मी त्याला म्हणलं की बाबा, याला तू मार्केट म्हणतोस? उसाचा कमीत कमी भाव, एफआरपी, दिल्लीत ठरतो. कारखान्यानं महिन्याला किती साखर विकायची तो कोटा दिल्लीत ठरतो. तेल कंपन्या इथेनॉल घेतात त्याचा भाव दिल्लीत. साखर बाहेर पाठवायची का नाही तेही दिल्लीत. आणि दोन कारखान्यांत आपल्या राज्यात 25 किलोमीटर हवाई अंतर पाहिजे हा नियम, म्हणजे समोर कॉम्पिटिशन उभी राहू नये याची सोय कायद्यानंच केलेली. 1955 ला मद्रासजवळ आवडी इथल्या अधिवेशनात काँग्रेसनं समाजवादी धर्तीचा समाज असा ठराव केला होता, त्या ठरावातला सगळ्यात जास्त कागद साखरेतच शिल्लक राहिला असावा.

बरं तो कागद शेतकऱ्याच्या उपयोगाचा नाही असंही नाही हां. ऊस गेल्यापासून 14 दिवसात पैसे द्यायचे, नाहीतर 15 टक्क्यानं व्याज, हे केंद्राच्या 1966 च्या ऊस नियंत्रण ऑर्डरमधे आहे. ते व्याज आबांनी आयुष्यात बघितलेलं नाही हा भाग वेगळा. पण एफआरपी नसती तर काय झालं असतं याचा विचार आत्तेभावानं करावा, कारण कापून पडलेला ऊस घेऊन शेतकरी घासाघीस करू शकत नाही. टोमॅटो निदान दुसऱ्या मार्केटला नेता येतो. ऊस तोडला की त्या दिवसापासून वजन आणि उतारा (त्यातून निघणारी साखर) दोन्ही उतरायला लागतं. दुकानदारानं भाव पटला नाही तर उद्या या म्हणावं आणि विकायला आलेल्याच्या हातातला बर्फ वितळत असावा, तसला व्यवहार आहे हा. आणि सरकार एका हातानं उसाचा भाव वाढवतं पण साखरेचा किमान विक्रीदर 2019 ला किलोला 31 रुपये केला आणि नंतर वर्षानुवर्षं तिथंच ठेवला, तोपर्यंत एफआरपी टनाला 2750 वरून 2024-25 ला 3400 वर गेली, त्यामुळं कारखानदार रडतात ते सगळंच खोटं रडत नाहीत.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की मालक कोण, सरकार का शेठ का सभासद, यावर भांडण्यात अर्धं आयुष्य जातं, पण आबांच्या अंगानं बघितलं तर प्रश्न दोनच असतात. मला तिथं बोलता येतं का, आणि नाही पटलं तर उठून जाता येतं का. सहकारीत बोलायचा हक्क कागदावर आहे आणि जायला जागा नव्हती. खाजगीत जाता येतं (ते पण 25 किलोमीटर पार करून), पण तिथं सभाच नाही. आबांनी यावर त्यांच्यापुरता तोडगा काढलाय, आडसाली (दीड वर्षाचा ऊस) घालतात सहकारीला आणि खोडवा (तोडलेल्या बुडख्यांना परत फुटलेला ऊस) खाजगीला. दोन्हीकडच्या शेती ऑफिसरला वाटतं पुढच्या वर्षी सगळा आपल्यालाच. पुस्तकी भाषेत याला मिश्र अर्थव्यवस्था म्हणत असतील, आबा याला दोन दगडांवर पाय म्हणतात.

आणि आता ते काकांनी खाल्लेलं. राबणाऱ्याच्या मालकीचा कारखाना म्हणता, पण ऊस तोडतो कोण? बीडवरून येणारा कोयता. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणजे हिशेबातसुद्धा बाई अर्धी. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, ती फिटेपर्यंत हलायचं नाही, एक दिवस आजारी पडलं तर खाडा, त्याचा दंड. राहायचं कोपीत (पाचटाच्या झोपडीत), पहाटे अंधारात फडात. पाळीमुळं खाडा पडू नये म्हणून बायका गर्भाशयं काढून घेतात हे बाहेर आलं तेव्हा 2019 ला सरकारनं नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. ही माणसं कुठल्याच कारखान्याची सभासद नाहीत, त्यांना मत नाही, आणि उचल अंगावर असल्यानं सोडूनही जाता येत नाही. सहकारीला तेच, खाजगीला तेच, कधीकधी टोळी पण तीच. आमच्या फडात बसून त्यांनी भाकरी खाल्लीय, आबांनी ताक पाठवलंय, पण त्यांची मजुरी वाढली की आमच्या बिलातून तोडणी-वाहतूक जास्त कापली जाते हे आबांना पक्कं माहीत असतं. तेव्हा आम्ही कुठल्या बाजूला? मी काकांना हे विचारलं. काका गिरणीत बदली कामगार म्हणून चार वर्षं दारात उभे राहिलेले, त्यांना काय ते बरोबर समजलं. काही बोलले नाहीत, चकलीही खाल्ली नाही.

जानेवारीत परत गेलो तेव्हा आमच्या उसाला तुरे आले होते आणि टोळीचा पत्ता नाही. शेजारी आत्याचा दीड एकर, त्यालाही तुरे. आत्तेभाऊ सुट्टी काढून आलेला. सकाळी आठला काका बांधावर उभं राहून चिटबॉयला (तोडीची पाळी लावणारा कारखान्याचा माणूस) फोन लावतायत, आरं बाळा, तेवढं आमचं बग की, आणि वीस फुटावर आत्तेभाऊ पण फोनवर, हॅलो सर गुड मॉर्निंग सर. एंगेज लागत होता. दोघं एकाच चिटबॉयला लावत होते. शेवटी चौथ्या दिवशी टोळी आली, टोळीला एकरी खुशाली (वरचे पैसे) ठरली, ट्रॅक्टरवाल्यानं पण खेपेला एन्ट्री म्हणून वरचे पैसे मागितले. काकांनी बंडीतून नोटा काढून दिल्या, आत्तेभावाकडं कॅश नव्हती म्हणून त्यानं क्यूआर कोड आहे का विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, हाय की.