गावाकडच्या घराची जादा किल्ली बाहेर ठेवताना

माझी आई रत्नागिरी तालुक्यातल्या गावी एकटी राहते आणि मी ठाण्याला असते. तिला रात्री-अपरात्री काही झाले तर दार न फोडता कोणाला तरी आत जाता यावे, यासाठी घराची एक जादा किल्ली बाहेर ठेवण्याचे आम्ही ठरवले. शेजारचे काका-काकू ती आपल्याकडे ठेवायला तयार होते. पण तेही लग्नकार्याला किंवा मुलाकडे मुंबईला जातात, आणि नेमकी तेव्हाच गरज पडली तर किल्ली त्यांच्या कुलूपबंद घरात अडकून पडणार.

पायपुसणे, चपलांचे कपाट, फुलझाडांच्या कुंड्या, विजेच्या मीटरची पेटी आणि दाराच्या चौकटीची वरची कड या जागांचा मी विचारही केला नाही, कारण चोर सर्वांत आधी तिथेच हात घालतो. त्यात विम्याचाही प्रश्न आहे. घरफोडीच्या बहुतेक विम्यांमध्ये बळाचा वापर करून आत शिरल्याची अट असते आणि अशा अटीचा अर्थ शब्दशः घ्यायचा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये दिलेला आहे. म्हणजे चोराने आपलीच किल्ली शोधून शांतपणे दार उघडले, तर भरपाई मिळणे अवघड होऊन बसते.

मागच्या आगरातल्या (बागेतल्या) गडग्याची, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणाची, फट काकांनी सुचवली होती. रस्त्यावरून ती दिसत नाही हे खरे, पण गडग्यात विंचू आणि साप असतात, आणि अंधारात घाईघाईने तिथे बोटे घालायला मी कोणालाही सांगणार नाही. बाटलीत घालून किल्ली पुरावी, तर आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. श्रावणापर्यंत खूण बुजते आणि चिखल उपसत बसावे लागते. कौलाखाली ठेवावी, तर वानरे कौले उलटीपालटी करतात.

अशी एकेक जागा बाद होत गेल्यावर माझे मत पक्के झाले की, किल्लीची जागा सापडली तरी किल्लीपर्यंत हात पोहोचू नये, अशीच सोय हवी. म्हणून आकड्यांवर उघडणारी, भिंतीत पक्की बसवायची किल्लीची पेटी घ्यायचे ठरले. या पेट्या दोन प्रकारच्या मिळतात. बटणांच्या पेटीत बहुधा आकड्यांचा क्रम महत्त्वाचा नसतो, कोणती बटणे दाबली एवढेच पाहिले जाते. त्यामुळे दहा बटणांतून चार निवडायची असतील तर 210 च शक्यता उरतात, शिवाय रोज वापरली तर तीच बटणे झिजून ओळखू येतात. आकड्यांच्या चार फिरत्या चकत्यांच्या पेटीत 0000 पासून 9999 पर्यंत 10,000 शक्यता असतात. मी चकत्यांची घेतली. तिचा आकडा जन्मवर्ष, घर क्रमांक किंवा फोनचे शेवटचे अंक यांपैकी काहीही नाही.

खरा वेळ गेला तो पेटी बसवण्यात. आमच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या आहेत आणि चिरा सच्छिद्र असल्यामुळे त्यात स्क्रूची पकड ढिली पडते. पहारीने पेटी भिंतीसकट निघाली असती. त्यामुळे मागच्या पडवीतला काँक्रीटचा खांब निवडला. तिथे पागोळ्यांचे पाणी येत नाही, रस्त्यावरून काही दिसत नाही आणि शेजारच्या खळ्यातून (अंगणातून) मात्र माणूस सरळ चालत येऊ शकतो. मिस्त्रींनी हॅमर ड्रिलने भोके पाडून फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारे बोल्ट) ठोकले. फास्टनरची डोकी पेटीच्या आत येतात, त्यामुळे झाकण बंद असताना त्यांना पाना लागत नाही. पेटीची उंची काकूंच्या खांद्याला धरून ठेवली, म्हणजे चष्मा आणि विजेरी सांभाळत आकडे फिरवता येतील.

पेटीइतकेच महत्त्वाचे होते ते दार. आई झोपताना आतून कडी घालत असे, आणि कडी असेल तर बाहेरच्या किल्लीचा काही उपयोग नाही. लॅचचा आतला खटका खाली ओढलेला असला, तरीही बाहेरून ते उघडत नाही. कडीशिवाय झोपणे आईला पटेना, आणि तिची भीती मला मुळीच वायफळ वाटली नाही. शेवटी पुढच्या दाराची कडी तशीच ठेवून मागच्या दाराला, आतून गोल मूठ आणि बाहेरून किल्ली असे, दोन फेऱ्यांचे मजबूत कुलूप बसवले. पेटीत किल्ली आहे ती मागच्या दाराची.

किल्ली पितळेची करून घेतली, कारण खाऱ्या हवेत साध्या लोखंडाला लगेच गंज चढतो. तिला पत्त्याची पट्टी लावलेली नाही. कुलपात खोबरेल तेल घालायचे नाही, असे आईला सांगितले आहे. तेलावर धूळ चिकटते, त्याऐवजी पेन्सिलीच्या शिशाची पूड चालते. कुंभारीण माशी मात्र किल्लीचे भोक मातीने लिंपून टाकते, म्हणून कुलपावर सरकते झाकण बसवले आणि गावी गेले की ते उघडून पाहते.

आकडा काका, काकू आणि गावातली माझी मामेबहीण यांना तोंडी सांगितलेला आहे, कुठल्याही ग्रुपवर लिहिलेला नाही. प्लंबरसाठी एकदा तो फोनवरून द्यावा लागला, तेव्हा काम संपल्यावर काकांनी त्याच संध्याकाळी तो बदलून घेतला.