तुंब्याचा नंदी: मे महिन्यापर्यंत कुठवर आलं

फेब्रुवारीत ११ तुंबे, म्हणजे वाळवून टणक करायच्या लवक्या (दुधी भोपळे), वाळत ठेवले होते, त्यातले आता ७ उरलेत. दोन मी वेलावरनं लवकर तोडले, माझीच घाई, देठ हिरवाच होता, मग साल आत आत बसत गेली आणि पार सुरकुतून गेले. एक माकडानं गच्चीवरून खाली टाकला. चौथ्याची गोष्ट मात्र नागपूरवाल्यांनी नीट ऐका.

आपल्याला वाटते इथं ४५ डिग्री ऊन, बुरशी कुठून लागणार? मलाही तसंच वाटलं बाप्पा. मार्च संपता संपता कूलर लावला, नवीन ताट्या (कूलरचे गवताचे पडदे) टाकल्या, आणि तुंबे त्याच दमट खोलीत पलंगाखाली. वाळताना वर काळीपांढरी बुरशी येतेच, त्याचं काही नाही, ओल्या काथ्यानं घासली की जाते आणि मागं जे डाग राहतात ते उलट मस्त दिसतात. पण हा सगळ्यात जाड तुंबा, अजून पुरता वाळला नव्हता, हलवला तर बिया वाजतच नव्हत्या, आणि त्याच्या बुडाला सहज अंगठा दाबला तर अंगठा सरळ आत. वास असा की आई म्हणाली, "लवकी भाजीला असते, पलंगाखाली ठेवायला नाही." आता सगळे जिन्याखाली जाळीवर टांगलेत, सावलीत, वारा लागेल असे.

बरं, चांगली बातमी. तान्ह्या पोळ्यासाठी भाचीला तुंब्याचा नंदी करून द्यायचा ठरवलाय. तान्हा पोळा, म्हणजे पोरं छोटे नंदीबैल मिरवतात तो पोळा, आपल्या नागपूरचाच, दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ मध्ये सुरू केला असं सांगतात, आणि नंदी म्हटला की लाकडाचाच. पण माझ्या एका तुंब्याला वेलावर असतानाच मांडवाचा बांबू टेकला होता, त्यानं पाठीवर एक उंचवटा आला, अगदी वशिंड! तेव्हापासून डोक्यात हेच होतं. धड म्हणजे हा, डोकं एका छोट्या तुंब्याचं, जोडाला फेविकॉलमध्ये त्याच तुंब्याचा कीस कालवून भरला. कीस करताना मास्क लावा राजेहो, आतला तो कोरडा गर आणि धूळ नाकात गेली की दोन दिवस शिंका.

वरची मेणचट साल काढायला तुंबा अर्धा तास ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवते, मग सुरीच्या पाठीनं खरवडते. मग २२० नंबरचा सँडपेपर. झूल डागायला आधी २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न घेतली, रेघ बारीक येते पण फिक्की. बस्तरकडचे कारागीर तुम्यावर (तिकडे तुंब्याला तुमा म्हणतात) तापवलेल्या लोखंडी सुरीनं नक्षी डागतात, म्हणून मीही जुनी सुरी गॅसवर तापवून पाहिली, आणि खरंच, रेघ खोल आणि काळीभोर येते, फक्त दर चार-पाच रेघांनी सुरी परत तापवा. धडाची साल ८ मिमी आहे म्हणून निभलं. भाजीच्या हायब्रीड लवकीचा एक तुंबा होता, जेमतेम ३ मिमी, त्यावर हाच प्रयोग केला तर आरपार भोक. त्याला आणखी भोकं पाडून लॅम्प करून टाकला, कोणाला सांगू नका.

पॉलिशलाही कूलरनंच नडवलं. लाखेचं स्पिरिट पॉलिश त्याच खोलीत मारलं तर सकाळी सगळ्या अंगावर पांढरट झाक, दमट हवेत असं होतेच म्हणे. दुपारी गच्चीच्या दारात, कोरड्या हवेत, नुसतं स्पिरिट लावलेला बोळा हलक्या हातानं फिरवला तर झाक गेली. आता पॉलिश म्हणजे दुपारीच, कूलर बंद, घाम गाळत.

शिंगं अजून बसत नाहीयेत. तुंब्याच्या देठाची केली होती, एक तुटलं. चाकं सुताराकडून आणायची आहेत. आणि बिया, त्या जाड सालीच्याच वेगळ्या काढून ठेवल्यात, मृग लागला की या वेळी फक्त त्याच टोबणार, आणि मांडवाला दोन बांबू मुद्दाम तिरके बांधणार.