अंगणातली हिरवी रेघ

सोलापुरात राहून शेवाळाची तक्रार करणे थोडे विनोदी वाटते. ज्या गावात मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो आणि नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येते, तिथे अंगणात शेवाळ धरते असे सांगितले, की पुण्या-कोकणातले नातेवाईक हसतात. पण आमच्या अंगणात पाण्याच्या टाकीपासून मोरीपर्यंत वीतभर रुंदीची एक हिरवी रेघ कित्येक वर्षे होती आणि तिच्यावरून आमच्या घरातली किमान तीन माणसे घसरली आहेत, त्यांपैकी एक मी.

अंगण शहाबादी फरशीचे आहे. सोलापूरच्या जुन्या घरांत ही करडी फरशी सर्रास दिसते, कारण तिची खाण असलेले कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबाद आम्हांला रेल्वेच्या वाटेवरच पडते. ही फरशी म्हणजे चुनखडीचा दगड, हे मला फार उशिरा आणि नुकसान करून घेऊन कळले. शेवाळ जावे म्हणून एका रविवारी मी बाथरूम स्वच्छ करण्याचे ॲसिड तिच्यावर ओतले, तेव्हा फरशी सोड्याच्या बाटलीसारखी फसफसली; शेवाळ गेले खरे, पण तिथला गुळगुळीतपणाही गेला आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच खरबरीत भागावर शेवाळ अधिक घट्ट बसले.

गवताची गोष्ट निराळी. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावर बसवलेली फरशी दरवर्षी केसभर हलते, फरश्यांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, उकलतात आणि त्यांत धूळ साचली की तण आलेच. हरळी चिवट असते हे ठाऊक होते, पण तिच्याहून कावेबाज निघाला तो लव्हाळा. त्याची पात ओढली की सहज हातात येते आणि आपण जिंकलो असे वाटते; खाली मात्र काळपट तपकिरी, हरभऱ्याएवढ्या गाठी दोऱ्यात ओवल्यासारख्या एकामागे एक राहिलेल्या असतात आणि प्रत्येक गाठ फुटते. एकदा फरशी उचलून मी अशी अख्खी माळ बाहेर काढली आणि खुरप्याने एक गाठ चिरली, तर इतका सुरेख मातकट सुगंध आला, की क्षणभर वैर विसरायला झाले.

गाजरगवत मात्र हातमोजे घालून आणि फुलण्याआधीच उपटावे, त्याबाबतीत कसलेही लालित्य नको. घोळ उपटून तिथेच टाकली तर तिच्या मांसल देठातल्या पाण्यावर ती तग धरते आणि ओल मिळताच पुन्हा रुजते, म्हणून मी ती लांब फेकायला निघालो होतो. आई दारातून म्हणाली, “अरे, टाकतोस कशाला? दे इकडं, डाळ घालून भाजी करते.” त्या रात्री भाकरीबरोबर मी माझे तण खाल्ले.

फटींवर उकळते पाणी ओतण्याचा उपाय कोवळ्या रोपांपुरता बरा. मीठ टाकावे असेही कोणी सुचवले होते, पण ते विरघळून तुळशीच्या मुळांपर्यंत पोहोचणार, हे उघड होते. शेवटी एका वयस्कर गवंड्याला बोलावले. त्याने फरशीकडे पाहिलेच नाही. तांब्याभर पाणी मागून घेतले, टाकीपाशी ओतले आणि उकिडवा बसून ते कुठे जाते ते पाहत राहिला. मग म्हणाला, “मालक, शेवाळ काय काढताय? ढाळच उलटा झालाय. अन् टाकी भरून वाहती, ते आधी थांबवा.”

त्याचे बरोबर होते. पाणी येईल त्या पहाटे टाकी भरून वाहू लागेपर्यंत आमच्या घरात कोणाला जाग येत नसे आणि वाहिलेले पाणी दिवसभर फरशीवर साचून राही. शेवाळाला मुळे नसतात, ते अंगानेच पाणी शोषते. उन्हात वाळून काळी खपली झाले तरी बहुधा मेलेले नसते, पाणी मिळताच पुन्हा हिरवे होते. म्हणजे शहराला पाणी पुरत नव्हते आणि मी मात्र दर चार-पाच दिवसांनी माझ्या शेवाळाला नेमाने पाणी घालत होतो. गवंड्याने तेवढ्या पट्ट्यातल्या फरश्या काढल्या, खालची काळी माती उपसून मुरूम ठोकला, दहा फुटांना दीड इंच ढाळ दिला आणि दर्जा सिमेंट-वाळूने भरल्या; मी टाकीला फ्लोट बसवला. वाळलेले शेवाळ खराट्याने खरवडले, तर पापुद्र्यासारखे निघून आले.

दोन वर्षे ती रेघ उमटली नाही. गेल्या डिसेंबरात मात्र पूर्वेकडच्या भिंतीच्या पायथ्याशी, जिथे कोणी कधी पाणी सांडत नाही, तिथे रुपयाएवढा मखमली हिरवा ठिपका दिसला. मी खराटा घेऊन गेलो, थोडा वेळ त्याच्याकडे पाहत उभा राहिलो, भिंतीला हात लावून पाहिला आणि प्लंबरला फोन केला.