मुरमाड माळावर पाच गुंठे हिरवळ

सासवडच्या पुढे आमची एकरभर माळजमीन आहे. पुरंदर तालुका पावसाच्या छायेतला, आणि आमचा तुकडा त्यातही टेकाडाच्या कुशीतला. वर कुठे चार बोटं तर कुठे वीतभर माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. बाजरीसुद्धा तिथे कधी धड आली नाही. घर बांधून आई-बाबा तिकडे राहायला गेले. नंतर बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि दारासमोरच्या त्या जमिनीकडे मी पहिल्यांदा नीट पाहिलं. त्यांना रोज काठी घेऊन चालायचं होतं आणि पायरी उतरल्यावर गोट्यांशिवाय काही नव्हतं. फरशी घातली असती तर पडल्यावर हाड मोडण्याची भीती. मला मऊ, सपाट, पाय न अडखळणारी जमीन हवी होती.

घरात सगळ्यांचं म्हणणं पडलं की एवीतेवी करायचंच आहे तर एकरभर लॉन करू. मी आधी पाण्याचा हिशेब मांडला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. कडक उन्हात गवत हिरवंगार ठेवायला रोज पाच मिलिमीटर धरले, तर पाच गुंठ्यांना, म्हणजे साधारण ५०० चौरस मीटरला, अडीच हजार लिटर लागतात. एकराला त्याच्या आठपट, वीस हजार. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकर येतात तिथे हे करणं मला पटणारं नव्हतं. पाच गुंठ्यांवर आम्ही थांबलो. आणखीही एक ठरवलं : कोणतंही गवत लावलं तरी एप्रिल-मेमध्ये ते पिवळं पडलं तर पडू द्यायचं.

आपल्याकडचा दगड कसा आहे हे कळल्याशिवाय कामाची दिशा कळत नाही. दख्खनच्या पठारावरचा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो झिजतो तेव्हा भेगांच्या कडेने कुजत जातो, कांद्यासारखे पापुद्रे सुटत जातात आणि मधला टणक गोटा तेवढा शिल्लक राहतो. आजूबाजूचं कुजलेलं म्हणजे मुरूम. म्हणून आपल्या माळावर नुसता सलग खडक नसतो. मुरमात रुतलेले गोल गोटे असतात, मुठीएवढ्यापासून म्हशीएवढ्यापर्यंत. मशीन लावून हे गोटे फोडत बसण्यात अर्थ नाही. ते मोकळे करायचे, वर आणायचे आणि उचलायचे. मिनी ट्रॅक्टरकडून मी हेच काम घेतलं आणि मला वाटतं त्याचं खरं काम तेच आहे.

मोठे धोंडे मात्र त्याच्या आवाक्यातले नाहीत. त्यासाठी उन्हाळ्याच्या तोंडाला जेसीबी बोलावला. जे हलले ते काढले. ज्यांची मुळं खाली पाषाणातच होती ते तसेच ठेवले आणि हिरवळीची हद्द त्यांना वळसा घालून आखली. त्यातला एक आता बाबांची बसायची जागा आहे.

ट्रॅक्टर शेजारच्या मामांचा. आमच्या भागात अंजीर आणि सीताफळाच्या बागा पुष्कळ, दोन ओळींमधून फिरायला चोवीस एचपीचा, चारही चाकं ओढणारा छोटा ट्रॅक्टर बऱ्याच जणांकडे असतो. मोठा पन्नास एचपीचा मिळत होता, पण घर, विहीर आणि दोन कडुलिंबांच्या मधल्या जागेत तो वळला नसता. शिवाय त्याचं वजन दोन टनांच्या घरात. जी माती आपण भुसभुशीत करणार तीच तो दाबून टाकतो. मिनी ट्रॅक्टर एक टनाच्या आतबाहेर असतो.

मी मामांना म्हटलं, “रोटर आणता का?” मामा म्हणाले, “ताई, रोटर आत्ता नगं. पाती जातील आन् दगड तिथंच ऱ्हातील. आधी फण मारू.”

त्यांचं म्हणणं शब्दशः खरं आहे. रोटर म्हणजे रोटाव्हेटर, फिरत्या पात्यांनी माती घुसळणारं अवजार. तो दगडावर आपटला की पातं मोडतं, नाहीतर पीटीओच्या, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या, शाफ्टचा बोल्ट तुटतो, आणि सुटलेला गोटा मागे गोळीसारखा उडतो. पलटी नांगरही आम्ही लावला नाही, कारण तो खालचा मुरूम वर आणि वरची मूठभर माती खाली घालतो. स्प्रिंगचे पाच फण असलेला कल्टिव्हेटर घेतला. दगड लागला की स्प्रिंग दबते, फण वर उठतो, दगड ढिला होतो आणि ट्रॅक्टर पुढे जातो. पहिली पाळी उभी, दुसरी आडवी, खोली सहा इंचांपेक्षा जास्त नाही. उताराच्या जागी मामा ट्रॅक्टर नेहमी वर-खाली चालवायचे, आडवा कधीच नाही. वजनासाठी मागच्या चाकांत पाणी भरलेलं होतं. मडगार्डवर कुणालाही बसू दिलं नाही, पोरांना तर अंगणातच थोपवलं. छोटा ट्रॅक्टर खेळण्यासारखा वाटतो म्हणून लोक निष्काळजी होतात, आणि उलटतोही तोच लवकर.

फण मारल्यावर जे वर आलं ते पाहून आई म्हणाली, “ही जमीन आहे की खडीचं यार्ड?” गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून ट्रॅक्टरमागे लावायचं पाच फूट रुंद दाताळं करून घेतलं. ट्रकच्या जुन्या स्प्रिंग-पाट्यांचे दात, दोन दातांमध्ये दोन इंचांचं अंतर. साध्या सळईचे दात वाकतात, पाट्याचे लवतात आणि परत सरळ होतात. हे दाताळं ओढत नेलं की माती दातांतून गळते आणि गोटे पुढे गोळा होतात. ठरावीक अंतरावर लिफ्ट उचलली की दगडांची ओळ पडते. मला एकच अवजार निवडायचं असतं तर मी हे निवडलं असतं.

तरीही ओळीतला दगड घमेल्यात जातो तो हातानेच. वस्तीवरच्या बायका यायच्या, आणि हे काम खऱ्या अर्थाने त्यांनीच केलं. पहार चालवणाऱ्या पुरुषाला जी मजुरी तीच दगड वेचणाऱ्या बाईला, हे मी पहिल्या दिवशीच बोलून ठेवलं होतं. कमरेतून वाकून दिवसभर घमेली भरण्यापेक्षा पहार मारणं जड काम आहे, असं म्हणणाऱ्याने एकदा वेचून पाहावं. त्यांच्याकडून मी एक शिकले : जमिनीत रुतलेला दगड हाताने उलटायचा नाही. आधी पहारेने कलता करायचा, थांबायचं, मग हात घालायचा. दगडाखाली विंचू तर ठरलेलाच, आणि माळावर फुरसंही असतं. सगळ्यांना गमबूट आणि जाड हातमोजे आणून दिले.

एका कोपऱ्यात टिटवीची अंडी सापडली. चार अंडी, उघड्या खड्यांवर, रंग अगदी मुरमासारखा. टिटवी अंडी किती उंचावर घालते त्यावरून पाऊस किती होणार हे आमच्याकडे सांगतात. त्या कोपऱ्याभोवती चुन्याची रेघ मारली आणि पिल्लं फिरती होईपर्यंत ट्रॅक्टर तिकडे गेला नाही. चार आठवड्यांच्या आसपास अंडी उबवली जातात. तेवढ्याने कोणाचंच काम अडत नाही.

निघालेला दगड बाहेर टाकायला एक पैसाही खर्च केला नाही. मोठ्यांची वरच्या अंगाला ताल, म्हणजे दगडी बांध, रचली, टेकाडावरून येणारं पाणी तिथे अडतं. मुठीएवढे तालीच्या पायथ्याशी खणलेल्या चरात भरले. बारीक खडी पायवाटेखाली गेली. सुपारीएवढे खडे जमिनीतच राहू दिले. सगळे काढायला गेलात तर आयुष्य पुरणार नाही. वरचे दोन इंच स्वच्छ असले की गवत कापायच्या मशीनचं पातं वाचतं.

मेमध्ये वळीव पडला आणि त्याने दोन कामं केली. बारीक माती धुऊन नेऊन आणखी दगड उघडे पाडले, ते पुन्हा दाताळ्याने ओढले. आणि तण उगवून आलं. ते येऊ देणं फार महत्त्वाचं. दोन-तीन पानांवर असताना वरच्यावर पाळी घालून ते मोडलं. लव्हाळ्याची गोष्ट वेगळी. त्याच्या गाठी रोटरने तुटल्या की एकाच्या दहा होतात, म्हणून लव्हाळ्याचे पट्टे कुदळीने खणून गाठी वेचल्या आणि भर उन्हात वाळवून जाळल्या.

मग माती. हिरवळीला निदान सहा इंच तरी माती हवी. आमच्याकडे सरासरी दोन इंच होती. पाच गुंठे म्हणजे ५,४४५ चौरस फूट, त्यावर चार इंच थर म्हणजे साधारण अठरा ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). माती बसते, म्हणून बावीस ब्रास धरली. तलावातला गाळ आणला, पण नुसता गाळ घालू नये. उन्हाळ्यात त्याला भेगा पडतात आणि पावसात चिखल होतो. आमचाच चाळलेला मुरूम आणि दोन वर्षं कुजलेलं शेणखत त्यात मिसळलं. या मिश्रणासाठी मामांनी शेवटी रोटर आणला. सगळ्यात हळू गिअर, पीटीओ नेहमीच्या ५४० फेऱ्यांवर, मागचं झाकण पूर्ण खाली आणि मागे कुणी उभं नाही.

सपाटीसाठी पारदर्शक नळीत पाणी भरून खुंट्यांवर खुणा केल्या. हिरवळ दिसायला सपाट असावी, पण पाणी तिच्यावर थांबता कामा नये. साठ-सत्तर फुटांना एक फूट असा घरापासून लांब जाणारा उतार दिला. मागच्या ब्लेडने उंचवटे खाली ओढले आणि शेवटी बाभळीच्या ओंडक्याचा मैंद साखळीने बांधून फिरवला. ब्लेडने जी नजाकत येत नाही ती मैंदाने येते. रोलर माती ओलसर असताना फिरवला, ओली असताना नाही. गाळाची माती ओलेपणी दाबली तर विटेसारखी होते. किती दाबायचं हे बाबांच्या काठीने ठरवलं. काठीचं रबरी टोक रुतायचं थांबलं, पण टाचेचा हलका ठसा उमटत होता, तिथे रोलर थांबवला.

गवत सिलेक्शन वन, उरुळी कांचनकडच्या रोपवाटिकेतून. तो हरळीचाच सुधारलेला प्रकार, पूर्ण ऊन मागणारा. गालिचाचे तुकडे अंथरणं सोपं होतं, पण खर्च कितीतरी जास्त. शिवाय तुकड्यांबरोबर येणारी चिकट माती आणि आपली माती यांचे दोन वेगळे थर राहतात, मुळं खाली जायला वेळ घेतात. आम्ही मृगाचा चांगला पाऊस झाल्यावर मुळांसकट काड्यांची टोकण केली, चार-चार इंचांवर. श्रावण संपेपर्यंत जमीन झाकली गेली. पहिली कापणी गवत तीन इंच झाल्यावर, आणि एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कधीच नाही.

पुढच्या वर्षी मध्येमध्ये गवत फिकट पडू लागलं, शिरा हिरव्या आणि पान पिवळं. पाणी कमी नव्हतं. माती तपासली तर चुनखडी निघाली, सामू (पीएच) आठच्या वर. अशा जमिनीत लोह असतं, पण गवताला घेता येत नाही. दहा लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि थोडं लिंबू असं संध्याकाळी फवारलं, आठवड्यात रंग फिरला. मुरमाड जमिनीवर हिरवळ करणाऱ्याने माती तपासणी आधीच करून घ्यावी. खर्च किरकोळ असतो आणि खताचा अंदाज येतो.

पावसाने काही जागा खचतात आणि तिथे एखादा गोटा डोकं वर काढतो. तो उपसून तिथे चाळलेली माती आणि वाळू अर्धा-अर्धा इंच घालत जायची, गवत त्यातून वर येतं. एकदम दोन इंच घातली तर गुदमरतं. मार्चनंतर आम्ही पाणी आठवड्यातून एकदाच देतो, तेही भांडी-अंघोळीचं, गाळून. मेमध्ये हिरवळ गव्हाळ रंगाची होते. हरळीची जात असल्याने मरत नाही, आणि पायाखाली तेव्हाही मऊच लागते.